दहा हात शीड

“कोणाच्या हाताने मापलंस?”

“माझ्याच. दुसऱ्या कोणाच्या?” जयवंती फणकारली.

खाडीकाठच्या मांडवात शमसुचाचा कापड पसरून बसले होते. शिडं शिवावीत ती त्यांनीच, असं अख्खं बंदर म्हणायचं. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेल्या जयवंतीची शिवण आता त्यांच्याहून सरळ यायची, आणि हे ती कोणाला विसरू देत नसे.

आजचं शीड मात्र घरचं होतं. तिच्या नवऱ्याच्या होडीचं. जुनं वादळात उभं फाटलं होतं.

“शीड मापलंस की डोलकाठी?”

“काठी. जुनं कापड ताणून वाढलेलं असतं, ते मापू नये. तुम्हीच शिकवलंत ना?”

“किती भरली?”

“दहा हात.”

चाचांनी सुई टोपीत खोचली.

“मागच्या खेपेला मी मापली होती. अकरा भरली.”

“मग? तुमचा हात मोठा, माझा लहान.”

“तेच म्हणतो मी. लहान हाताने माप वाढतं... तुझं कमी कसं झालं?”

जयवंती कापडाची कड सरळ करू लागली.

“काठी झिजली म्हणतेस की काय?”

शेजारी कापडाच्या घडीवर जयवंतीची पोर झोपली होती. पोरीच्या अंगावरची माशी तिने उगाचच दोनदा हाकलली.

“मुद्दाम केलं, चाचा.”

चाचांनी मांडीवरचं कापड बाजूला सारलं.

“शीड मोठं असलं की हे लांब जातात. माझा भाऊ असाच गेला. होडीची फळीसुद्धा हाती लागली नाही. ही तर पाच महिन्यांची आहे... तोकडं शीड असलं तर काठाकाठाने राहतील. एवढंच माझ्या मनात आलं.”

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. नारळाच्या सालीचं एक सोडण उचललं आणि खाडीत टाकलं.

पाण्याला ओहोटी लागली होती. सोडण जागच्या जागी एक गिरकी खाऊन समुद्राकडे निघालं. खडकाशी थोडं अडखळलं... सुटलं. मग दिसेनासं झालं.

“त्याला शीड होतं?”

जयवंतीने पोरीला उचलून उराशी धरलं. पोर जागी होऊन रडायला लागली.

चाचांनी काठी पुन्हा मापायला दोरी तिच्यापुढे धरली.

“जायला शीड लागत नाही, पोरी. यायला लागतं.”