उकळत्या दुधातले विरजण

एकदा एक तरुणी दूरदेशी वैद्यक शिकून आपल्या तालुक्याच्या गावी परतली आणि तिथल्या वृद्ध वैद्यांच्या हाताखाली काम करू लागली. इथे अज्ञानाशी गाठ पडेल, असे तिला वाटले होते. अज्ञानाला उत्तर असते, आणि उत्तरे तर ती भरभरून घेऊन आली होती. प्रत्यक्षात गाठ पडली भीतीशी.

एके दिवशी गावातला मिठाईचा व्यापारी आई आणि बायकोला घेऊन आला. लग्नाला आठ वर्षे झाली होती, मूल नव्हते. बायकोचे नाना काढे पिऊन झाले होते. मनगटावर गंडेदोरे इतके, की नाडी पाहायला बोट ठेवण्यापुरती जागा नव्हती.

"हा शेवटचा उपाय," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर हिला माहेरी पोचवायचं. गुरुवारी दुसरी मुलगी बघायला जायचंय."

सून मान खाली घालून बसली होती. पदराचे टोक तिने मुठीत आवळून धरले होते.

शिष्येला राहवले नाही. "आणि यांची तपासणी? दोष पुरुषातही असू शकतो."

"आमच्या घरातल्या पुरुषांत खोट नसते, बाई," सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "तू पढवलंस वाटतं हिला?"

सून पांढरीफटक पडली. "नाही हो आत्याबाई, मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

घरी गेल्यावर काय वाढून ठेवले आहे, ते तिच्या डोळ्यांत दिसत होते. शिष्येला आपल्याच खऱ्या बोलण्याची धास्ती वाटली.

"पथ्य कडक आहे, कर्त्या माणसालाच सांगतो," म्हणत वैद्यांनी सासूबाईंना ओसरीवर बसवले, सुनेला परसात अडुळशाची पाने खुडायला पाठवले आणि दार लावून घेतले. मग चुलीवर उकळणाऱ्या दुधाचे पातेले उतरवून त्यांनी त्यात चमचाभर दही टाकायला घेतले.

व्यापाऱ्याने त्यांचा हात धरला. "अहो बाबा, काय करताय? मरेल ना विरजण."

"दही नाही लागलं, तर दूध बदलू."

"दुधानं काय केलंय? आमच्याकडे दही लागलं नाही की आधी विरजण बघतात, मग..."

तो थांबला. दाराकडे बघत हलक्या आवाजात म्हणाला, "दार लागलंय ना?"

"लागलंय."

"माझंच काही निघालं, तर गावात तोंड कुठं दाखवू?"

वैद्य म्हणाले, "शेठ, तुम्ही वीस वर्षं भट्टीला खेटून बसता, गालात तंबाखू धरून. पुरुषाच्या बीजाला उष्णता सोसत नाही, तंबाखूही नाही. शहरात जाऊन तपासून घ्या. भट्टीवर दुसरा माणूस बसवा, तंबाखू सोडा आणि तीनएक महिने धीर धरा. नवं बीज घडायला तेवढा काळ लागतो. मूल होईलच, असं वचन मी देत नाही. पण मूल होणं आणि पुरुष असणं या दोन गोष्टी तुम्ही एकाच कढईत घातल्यात, म्हणून एवढे घाबरलात. आणि तुमची ही भीती आठ वर्षं तिनं प्यायली, काढा म्हणून."

व्यापाऱ्याने दार उघडले. मग बाहेर जाऊन म्हणाला, "आई, गुरुवारी कुठं जायचं नाही. पथ्य मला दिलंय."

परसातून आलेली सून दारातच थबकली. तिची मूठ पुन्हा आवळली होती. खुडलेली पाने त्या मुठीत चुरगळली होती.

ते गेल्यावर शिष्या म्हणाली, "बाबा, मीही तेच सांगितलं होतं."

"तेच सांगितलंस, मुली. पण उकळत्या दुधात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडताना तिने ठरवले: मूल होत नाही म्हणून जे जोडपे येईल, त्यातल्या पुरुषाला आधी एकट्याला आत बोलवायचे, दार लावायचे, आणि बाईच्या नाडीवर बोट ठेवण्यापूर्वी त्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहायची.