साहेबांना हात लावू नये

“बोलकी केली असती तर पहिल्याच आठवड्यात माहेरी जाऊन सगळं सांगून आली असती. मुकी बघून केली ते बरं झालं,” असं सासू सासऱ्याला म्हणाली, तेव्हा सून दाराआड तांदूळ निवडत होती. तिनं हातातला खडा बाजूला ठेवला आणि पुढचा शोधायला घेतला. सुनेचं नाव त्रिशला. ती मुकी नव्हती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही एवढीच तिची सवय, आणि या घरात तिला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं.

तर नदीकाठी एक गाव होतं, गावात एक भोळा होता, आणि तो त्रिशलाचा नवरा होता. नाव बाळगोंडा. बाळगोंडाला सांगाल ते तो करायचा. सांगाल तेवढंच करायचा. लग्नात उपाध्यांनी त्याला नवरीचा हात धरायला सांगितलं आणि सोड म्हणायचं विसरले. त्यानं पंगतीत हात धरला, वरातीत धरला, माप ओलांडतानाही धरला. घरात आल्यावर त्रिशलानंच हळूच सांगितलं, आता सोडलात तरी चालेल. हात मऊ होता, हे तिच्या लक्षात राहिलं.

लग्न झालं तशी तात्यांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याला आपल्याबरोबर कामाला नेलं. तात्या एका शेठच्या सूत रंगवायच्या कारखान्यात मुकादम. तिथं हौदात कॉस्टिक सोडा कालवायचा, त्यात सुताच्या लडी बुडवायच्या, मग रंगात घालायच्या. शेठनं बाळगोंडाला सांगितलं, सोडा चांगला कालव. बाळगोंडानं कोपरापर्यंत हात घालून चांगला कालवला. शेजारी काठी उभी होती. पण काठीचं कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आला तो दोन्ही हात खाजवत. लाल चट्टे उठलेले, बोटांच्या बेचक्यांत कातडी सुटलेली. तात्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अरे, सोड्यात नुसता हात घालतात का? मोजे घालायचे. मोज्यांशिवाय कशाला म्हणून हात लावायचा नाही. आणि शेठच्या कपाटातले रबरी मोजे त्याला काढून दिले.

बाळगोंडानं मान डोलावली. तो ऐकलेलं विसरत नसे.

त्याच आठवड्यात शेठच्या मुलीचा साखरपुडा निघाला. सगळ्या कामगारांना जेवण. बाळगोंडा हौदावरून थेट पंगतीत जाऊन बसला. मोज्यांनीच जिलेबी मोडली, मोज्यांनीच मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली. उठला तेव्हा ओठ भज्यासारखे फुगले होते. तात्यांनी विचारलं, हे काय केलंस?

“तुम्हीच सांगितलं की, कशाला म्हणून हात लावायचा नाही.”

शेठला मात्र ओठ दिसले नाहीत. पाकात बुडालेले आपले मोजे दिसले. त्यांनी ते धुऊन घेतले, वाळवले, कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. रोज वापरले तर झिजतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. हात झिजतात त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

पुढं एकदा रंगाचा शिंतोडा बाळगोंडाच्या डोळ्यात उडाला. त्यानं तो बाहीनं चोळ चोळ चोळला आणि टोमॅटोएवढा डोळा घेऊन घरी आला. तात्या म्हणाले, लेका, डोळ्यात गेलं की चोळायचं नाही. पाण्याचा मारा करायचा. माणूस कितीही ओरडला तरी थांबायचं नाही.

बाळगोंडानं मान डोलावली.

दोन घरं सोडून एका मुलीचं लग्न होतं. पाठवणीची वेळ झाली. नवरी आईच्या गळ्यात पडली. डोळे लाल, नाक लाल, पाणी थांबेना. बाळगोंडानं ते बघितलं आणि घागर उचलली. नवरी ओरडली. तो थांबला नाही. वऱ्हाड ओरडलं, तरी थांबला नाही. दुसरी घागर अडवायला नवरदेव मध्ये आला, तर तोही फेट्यासकट भिजला. त्रिशला बायकांत उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बिचारी लाजेनं रडतेय.

घरी आल्यावर आईनं त्याला समोर बसवलं. अरे बाबा, डोळ्यांत पाणी आलेल्या माणसावर आणखी पाणी ओततात का? असं माणूस दिसलं की जवळ घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा, दोन शब्द बोलावेत.

“कुठले शब्द?” बाळगोंडानं विचारलं.

आईनं शब्दही सांगितले. बाळगोंडानं ते पाठ केले.

मग कारखान्यात सिदाप्पाची पाळी आली. सिदाप्पा म्हणजे कोहळ्याएवढं डोकं आणि झुपकेदार मिशा. सोड्याचं पिंप उघडताना सोड्याच्या पाण्याचा फवारा त्याच्या तोंडावर आला आणि तो डोळे झाकून मटकन खाली बसला. बाळगोंडा धावत गेला. शेजारी बसला. सिदाप्पाचं डोकं छातीशी घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला,

“गप. रडू नकोस. पंचमीला न्यायला येऊ.”

सिदाप्पानं त्याला ज्या शिव्या दिल्या त्या माहेरच्या माणसाला कुणी देत नाही. तेवढ्यात तात्या आले, सिदाप्पाला मानगुटीला धरून नळाखाली बसवलं आणि भरपूर पाणी मारलं म्हणून डोळे वाचले. पण पुढं कितीतरी दिवस सगळा कारखाना सिदाप्पाला पंचमी म्हणून हाक मारत होता.

शेठनं तात्यांना बोलावून सांगितलं, मुकादम, आता आणखी एक घोटाळा झाला की बाप आणि लेक दोघंही घरी.

तात्यांना जेवण गेलं नाही. त्या संध्याकाळी त्रिशला नवऱ्याच्या हाताला खोबरेल चोळत बसली. चोळताना सुकलेली कातडी तिच्या बोटांना लागून निघत होती. तिला वाटलं, या घरात ह्यांना जे ते सांगतात, पण झाल्यावर सांगतात. होण्याआधी कुणी सांगत नाही. बाळगोंडानं विचारलं, मोजे परत कधी मिळणार? तिला ठाऊक नव्हतं. तिनं दुसऱ्या हाताला तेल लावायला घेतलं.

मोजे मिळाले. कारखान्याच्या तपासणीचे सरकारी साहेब येणार असं कळलं आणि शेठनं कपाट उघडलं. मोजे निघाले, चष्मे निघाले, घडी न मोडलेले एप्रन निघाले. शेठनं सगळ्यांना रांगेत उभं करून बजावलं: साहेब आत आले की घालायचं. गेले की काढून, पुसून परत आणून द्यायचं. तात्यांनी लेकाला वेगळं सांगितलं, तू आपणहून बोलू नकोस. साहेब विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे.

बाळगोंडानं मान डोलावली. आणि या वेळी त्यानं विचारही केला. एरवी तो करत नसे.

साहेब आले. मोठे साधे गृहस्थ. फाटकापासून शेठनं त्यांचा हात हातात धरून ठेवला होता. आत आल्यावर त्यांनी सिदाप्पाला नमस्कार केला, मग बाळगोंडाकडे वळून हात पुढं केला. बाळगोंडा मागं सरकला. साहेब हसले, जवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“साहेब लागले!” असं ओरडून बाळगोंडा पाण्याच्या पाइपाकडे पळाला. आधी त्यानं स्वतःच्या खांद्यावर पाण्याचा मारा केला. मग सिदाप्पा आठवला, कारण साहेब त्याच्या अगदी जवळ उभे होते. मग शेठ आठवले. शेठनी तर साहेबांना नुसत्या हातानं धरलं होतं. शेठ ओरडले. पण माणूस कितीही ओरडला तरी थांबायचं नव्हतं.

तात्यांनी नळ बंद केला तेव्हा शेठच्या धोतरातून पाणी गळत होतं.

साहेबांनी चष्मा पुसला. “काय हो, मी इतका लागण्यासारखा आहे का?”

“ते आम्हाला कसं कळणार साहेब? पण मोजे तुमच्यासाठीच आहेत. तुम्ही आलात की घालायचे, गेलात की काढायचे.”

“आणि सोड्यासाठी?”

“सोड्यासाठी नाहीत. सोड्यात नुसताच हात घालायचा. सोडा रोजचाच आहे.”

साहेबांनी हात दाखवायला सांगितले. बाळगोंडा म्हणाला, दाखवतो, पण तुम्ही जरा लांब उभे राहा. साहेब लांब उभे राहिले. त्यानं मोजे काढले. मग सिदाप्पानं काढले. मग एकेकानं काढले. साहेबांनी एकेकाचे हात बघितले. जाताना शेठला एवढंच म्हणाले, मी पुन्हा येईन. न सांगता येईन. आणि आल्यावर आधी ह्या माणसाला भेटेन.

साहेब फाटकाबाहेर गेले आणि शेठनं ओल्या अंगानं सगळे मोजे गोळा करून कपाटाला कुलूप घातलं. सवयच होती.

दिवेलागणीला तात्या घराकडे आले ते मनाशी बोलतच. साहेब आले आणि बाळगोंडा दिसला नाही तर शेठ आपल्याला घालवणार. दिसला आणि बोलला तरी घालवणार. तेव्हा आजच त्याला नीट पढवायचं. दारात बघतात तर बाळगोंडा उंबऱ्यावर बसलेला. तेल लावलेले हात मांडीवर. तात्या म्हणाले, ऊठ, आत चल. तो उठला नाही. दटावलं, तरी नाही. दंडाला धरून ओढलं, तर त्यानं चौकट धरली.

“कुणी बसवलं ह्याला?” तात्यांनी विचारलं.

सासू म्हणाली, मी नाही बाई. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी हळूहळू आत बघितलं, कारण घरात सांगणारं आणखी एकच माणूस उरलं होतं.

त्रिशला पदराला हात पुसत पुढं आली.

“मामंजी, मी सांगितलंय त्यांना. कारखान्यातल्या सगळ्यांच्या हातात रोजचे मोजे आणि चष्मे पडल्याशिवाय उंबऱ्यावरून उठायचं नाही. आता तुम्ही उठवून बघा.”