अमेरिकन नोटेला इस्त्री

"दुपारपर्यंत या नोटेची किंमत सांग. बरोबर सांगितलीस तर निम्मी रक्कम तुझी. चुकलीस तर वर्षभर आमच्या हत्तीच्या झुली फुकट धुवायच्या."

कुसूरगडच्या आबासाहेब महाराजांनी एकदा हुकूम सोडला की ते तो मागे घेत नसत. गोजरा परटीण हादरलीच. आदल्या दिवशी महाराजांच्या कैलासवासी काकांचा कोट तिच्याकडे धुवायला आला होता. खिशात ही नोट निघाली, तिने ती इमानाने आणून दिली, आणि तिच्या पदरात पडलं ते हे! काका तरुणपणी अमेरिका फिरून आले होते. नोट तिकडच्या कुठल्याशा लहान गावातल्या नॅशनल बँकेची होती, फार जुनी, आणि तिच्यावर मॅनेजरने शाईने केलेली सही होती. खजिनदारांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि पोटात दुखतंय म्हणून घर गाठलं.

जुन्या नोटांचे व्यापारी खांबेटे त्या दिवशी गावात आले होते. महाराजांनी त्यांना बोलावून नोट दाखवली. खांबेट्यांनी भिंग काढलं. गोजरा मात्र नोटेकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होती. नोटेला हात लावण्याआधी त्यांनी धोतराला बोटं पुसली. दोनदा.

"काही दम नाही," खांबेटे म्हणाले. "बँक कधीच बंद पडली. त्यात नोट मळकी. गंमत म्हणून दहा रुपये देतो."

"मळकी म्हणून दहाच?" गोजरा म्हणाली. "मग धुऊन देते की. सोड्याच्या पाण्यात एकदा बुचकळली की झालं."

"पाणी नको," खांबेटे घाईने म्हणाले. "सही जाईल. शंभर देतो."

"बरं, पाणी राहू द्या. डागांवर नुसतं लिंबू चोळते."

"लिंबू? बाई, पाचशे देतो, पण लिंबू नको!"

महाराज लोडाला टेकले होते, ते ताठ बसले.

"मग घडी तरी मोडू द्या, शेट." गोजराने नोट उचलून पाटावर पसरली आणि वाड्यातल्या कपड्यांसाठी ओसरीवर तापत ठेवलेली रसरसत्या कोळशांची इस्त्री आणली. "थोडी खळ लावली की अशी कडक होईल, की उभी राहील."

इस्त्री खाली येऊ लागली. खांबेट्यांनी झेप घेतली आणि स्वतःची नवी कोरी टोपी मध्ये घातली. टोपीतून धूर निघाला.

"दोन हजार!" ते किंचाळले.

गोजराने इस्त्री बाजूला ठेवली. "सरकार, किंमत कळली. चार हजार."

"ती कशी?"

"घेणारा कितीही घाबरला तरी निम्मे पोटातच ठेवतो."

"चार हजार कुठले?" खांबेटे उसळून म्हणाले. "साऱ्या बाजारात साडेतीनच्या वर कुणी दमडी देणार नाही!"

बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

"मग साडेतीन, सरकार," गोजरा म्हणाली. "जाणकार माणूस सांगतोय, मी कशाला वाद घालू?"

महाराज हसता हसता लोडावरून घसरले. डोळे पुसत त्यांनी खांबेट्यांकडून साडेतीन हजार रोख घेतले, नोट त्यांच्या हाती दिली आणि निम्मे पैसे गोजराच्या ओच्यात ओतले. वर पैठणी दिली.

"एवढी अक्कल होती," महाराजांनी विचारलं, "तर नोट परत का आणलीस?"

"सरकार, ती विकायला गेले असते," गोजरा म्हणाली, "तर याच शेटना दहा रुपयांत देऊन आले असते."