खडी पडण्याआधी

"...पण सर, खडी टाकायच्या परवानगीवर सही करायला अडचण काय आहे?"

निरंजन ढवळीकरने पुन्हा विचारलं. सोन्याच्या खाणीशेजारच्या अख्ख्या उतारावर त्याने जाड काळं प्लास्टिक अंथरून घेतलं होतं. आता त्यावर खडी पडणार, खडीवर फोडलेल्या दगडाचा ढीग रचणार, आणि ढिगावर सायनाइडचं पाणी ठिबकत राहणार. ते पाणी दगडातलं सोनं विरघळवून खाली आणतं. अडवायला फक्त हे प्लास्टिक. उतार संपतो तिथे वस्तीची विहीर.

कर्णिकसर त्याचे गुरू. अशी अस्तरं घालण्यात त्यांचा जन्म गेला. बोलायला मात्र महाकंजूष माणूस.

"काय तपासलंस?"

"सगळे सांधे, हवा भरून. एकही फुसका निघाला नाही."

"आणि मधलं?"

निरंजन हसला. "मधलं कारखान्यातून अखंड आलंय, सर. तिथे कोण भोक पाडणार?"

"मी. सकाळी पाडलं, खिळ्याने."

निरंजनचा चेहरा उतरला, मग तापला. खडीचे डंपर येऊन उभे, आणि म्हाताऱ्याला हा चावटपणा सुचतोय... शब्द अगदी ओठांवर आले होते. गिळले.

"कुठे?"

"शोध. खडी पडली की दिसणार नाही."

डंपर थांबवले. माणसं पाणी शिंपडत पुढे, मागून विजेची कांडी फिरवत निरंजन. भोकातून पाणी खालच्या मातीला भिडलं की ती वाजते. उन्हात चडफडत तो एकेक पट्टा पालथा घालत होता.

दुपारी कांडी वाजली. त्याने धावत जाऊन सरांना आणलं. "हे घ्या तुमचं."

सर वाकले. "कटर पडलाय कुणाचा तरी. हे माझं नाही."

निरंजनने पुन्हा कांडी घेतली. आता मात्र तो हळू चालत होता.

ऊन कललं तेव्हा आणखी एक सापडलं. बुटाखाली दाबला गेलेला टोकदार खडा.

"हेही नाही," सर म्हणाले.

निरंजनने कांडी खाली ठेवली. खाली विहिरीवर कुणी पोहरा सोडत होतं. त्याला भीती वाटली, खरोखरची.

"सर... खरं सांगा. तुम्ही भोक पाडलंय तरी का?"

सरांनी कांडी उचलून त्याच्या हातात दिली.

"माझं अजून सापडायचंय."