दुखतंय कुठं?

"पण दुखतंय कुठं, बाबा? ते तरी सांगा!"

असं म्हणत गजाबा वस्तादानं सदरा वर करून आपल्याच पोटावर थाप मारली. पोट तटतटलेलं, हातापायांच्या मात्र काड्या. डोळे हळदीसारखे पिवळे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

हसनबाबा फकीर चुलीपुढं बसून चहा उकळायची वाट बघत होते.

"डॉक्टर म्हणतो, लिव्हर दगड झालंय. दारू सोडली नाहीस तर दिवाळी बघणार नाहीस. वीस वर्षं पितोय मी! कधी झोकांडी गेली नाही, कधी पोटात कळ आली नाही. कळच नाही, तर रोग कसला?"

"मग माझ्याकडं का आलास?"

"माझी बायको बाटली दिसली की फोडते. तुमचा शब्द मोडायची नाही. एवढंच सांगा हिला, तुझ्या नवऱ्याला काही झालेलं नाही."

त्याची बायको सगुणा दाराशीच उभी होती. बोलून बोलून तिची जीभ कधीच थकली होती.



बाबांनी रटरटणारं पातेलं चुलीवरून उचललं. फडकं नाही, सांडशी नाही, उघड्या हातांनी. तरुणपणीच्या महारोगानं ते हात बधिर झालेले, तीन बोटं झडलेली. सावकाश ते चहा ओतू लागले.

एक कप भरला. दुसरा...

कातडं करपल्याचा वास आला.

"बाबा, हात! हात भाजतायत!"

"मला तर काही कळत नाही."

"तुम्हाला कळत नाही, पण ते जळतायत ना!"

बोलून गेला आणि गजाबा जागीच थिजला. मग झडप घालून त्यानं पातेलं उडवून दिलं. चहा राखेत सांडला. सगुणा धावत पाण्याची घागर घेऊन आली आणि बाबांच्या तळव्यांवर धार धरली.

भल्याभल्यांना चितपट केलेला हा गडी त्या दिवशी खरोखर भ्याला.

"बाबा... आता सोडली, तर लिव्हर भरून येईल?"

बाबांनी भाजलेले हात त्याच्यापुढं धरले.

"मला शहाणपण यायला तीन बोटं गेली, वस्ताद. पण मला दहा होती."