मुजुमदारसाहेबांचं बोट

मंगल कार्यालयांचं बुकिंग घेणाऱ्या एका वेबसाइटचे प्रमुख होते मुजुमदारसाहेब. आपलं कधी चुकतच नाही, अशी त्यांची ठाम समजूत. वेबसाइटने बुकिंगच्या नोंदींच्या कुठल्या साठ्याला, म्हणजे डेटाबेसला, जोडून घ्यायचं, ते सांगणारी सेटिंगची फाईल त्यांनी स्वतः लिहिलेली. खऱ्या वेबसाइटला तीच आणि चाचणीच्या वेबसाइटलाही तीच, म्हणजे दोन्हींचा डेटाबेस एकच!

शाल्मली तिथली प्रोग्रॅमर. तिने भर मीटिंगमध्ये सांगितलं, "सर, दोन्हींच्या फाईली वेगळ्या करू या. नाहीतर चाचणी करता करता एक दिवस लोकांची खरी बुकिंग पुसली जातील."

"मला शिकवू नकोस!" साहेब कडाडले. "चाचणीने कधी काही बिघडतं का?"

बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. पगारवाढीचे दिवस होते ना!

शाल्मलीने आपला लॅपटॉप साहेबांपुढे सरकवला. चाचणीच्या पानावर लाल बटण होतं, 'सर्व बुकिंग पुसा'.

"मग दाबा, सर. चाचणीच तर आहे."

साहेबांचं बोट ऐटीत बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थिजलं. तुळशीच्या लग्नानंतरचा अख्खा हंगाम त्या बटणाखाली होता. हात मुकाट्याने खिशात गेला.

"बघा सर," शाल्मली म्हणाली, "तुमच्या बोटाला कळलं. आता तुम्हाला कळलं की झालं."