घाट चढणारा रेनकोट

देशावरच्या एका गावात मैनाताई नावाच्या बाई शिवणकाम करून राहत. पन्नाशी उलटली होती, तरी सायकलवर बसल्या की दमत नसत. एका भाद्रपदात त्यांनी ठरवलं, सायकलनेच घाट ओलांडून समुद्रकाठच्या बहिणीकडे जायचं. चार दिवसांची वाट होती. शेजारचे निवृत्त मास्तर दिगंबरराव म्हणाले, "मीही येतो."

दिगंबररावांनी शहरातून सगळ्यांत भारी रेनकोट आणला. जाड रबरी कोट, तशीच पँट. हातात घेतलं की खांदा खाली यायचा. "यातून एक थेंब आत जाणार नाही," ते म्हणाले. आणि ते खरंच होतं.

मैनाताईंची निवड मात्र पंधरा दिवस चालली. ओळखीच्या लोकांकडून त्या एकेक रेनकोट मागून आणत. तो घालून गावाबाहेरच्या चढावर सायकल चालवत. मग अंगणात उभ्या राहून जावेला वरून झारीने पाणी ओतायला सांगत. एक शिवणीतून गळला. एकाचा घोळ चेनमध्ये अडकला. तिसऱ्याने पाणी अडवलं, पण आतलं पोलकं घामानेच चिंब झालं.

गावातल्या बायका हसल्या. "ताई, रेनकोट निवडताय की जावई?"

"जावई आपल्या घरी राहतो," मैनाताई म्हणाल्या. "हा माझ्या अंगावर घाट चढणार आहे."

शेवटी त्यांनी एक पातळ, पिवळाधमक रेनकोट घेतला. काखेत वारा खेळायला फटी होत्या आणि घडी केली की तो जेवणाच्या डब्यात मावत होता. पँट घेतलीच नाही. "पाय भिजले तर भिजू देत, छाती कोरडी हवी," असं म्हणून त्यांनी एक लोकरी स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घेतला.

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घाटात पाऊस कोसळू लागला. दिगंबरराव रबरी कोटात चढू लागले. थोड्याच वेळात आत घामाच्या धारा लागल्या. जीव गुदमरला, तेव्हा त्यांनी बटणं उघडली आणि पाऊसही आत शिरला. माथ्यावर पोचेपर्यंत गार वारा सुटला होता. त्यांचे ओठ निळे पडले. बोलताना जीभ अडखळू लागली.

मैनाताईंनी सायकल टाकली आणि त्यांना नाक्यावरच्या चौकीत नेलं. ओला सदरा काढायला लावला. आपला कोरडा स्वेटर पुढे केला.

"आणि तुम्ही?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मला अजून ऊब आहे. घाला मुकाट्याने."

चौकीदार लखूने शेकोटी पेटवली, कढत चहा दिला. तासाभराने मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग आला. कोपऱ्यात पडलेल्या कोटाकडे पाहून ते म्हणाले, "टाकून द्या तो. फसवलं त्याने मला."

"त्याने कुठे फसवलं?" मैनाताई म्हणाल्या. "एका जागी उभं राहणाऱ्या माणसासाठी केलाय तो. तुम्ही त्याला चढावर नेलंत."

लखू हळूच म्हणाला, "मास्तर, मी दिवसभर या वाऱ्यात गाड्या अडवत उभा असतो." त्याने कोट घालून पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. कोट त्याच्याकडेच राहिला. त्या बदल्यात त्याने पातळ प्लास्टिकचं एक कापड दिलं. मैनाताईंनी सुई-दोरा काढला, मास्तरांच्या खांद्यांचं माप घेतलं, काखा मोकळ्या ठेवून रातोरात नवा रेनकोट शिवला आणि शिवणींवर मेण चोळलं.

सकाळी दोघं घाट उतरू लागले. पाऊस होताच. अर्ध्या घाटात दिगंबरराव थांबले. त्यांनी सदऱ्याच्या आत हात घालून पाहिला. सदरा कोरडा होता.

"ताई," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. घेण्याआधी पारखून बघावं, हे मात्र तुमच्याकडून शिकलो."

मैनाताई हसल्या. "चला मास्तर, उद्या बहीण मासे आणून ठेवेल." आणि दोन्ही सायकली समुद्राकडे धावू लागल्या.

तात्पर्य: वस्तूचा भारीपणा पाहून भुलू नये, आपलं काम ओळखून, तिला पारखून घ्यावं. जो मोजकं पण नेमकं घेतो, त्याच्याजवळ दुसऱ्याला देण्यापुरतंही उरतं.